गाडी बदलली की गुन्हा बदलतो

चाकण एमआयडीसीतून शिवाजीनगरला निघालेला कामगार एका प्रवासात तीन वाहने बदलतो. कंपनीच्या गेटपासून तळेगाव चौकापर्यंत शेअर रिक्षा, तिथून मोशी-भोसरीमार्गे नाशिक फाट्यापर्यंत पीएमपीची बस आणि नाशिक फाट्याहून मेट्रो. मेट्रोऐवजी कासारवाडीला लोकल पकडली तर तो वाहनाचा चौथा प्रकार. आता समजा, याच प्रवासात एका दारुड्याने सगळ्या वाहनांत सारखाच धिंगाणा घातला. लोकलमध्ये त्याला रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मेट्रोत २००२च्या मेट्रो रेल्वे कायद्याचे कलम ५९ लागते. त्यात कैद नाही. ५०० रुपयांपर्यंत दंड, तिकीट किंवा पास जप्त आणि गाडीतून खाली उतरवणे एवढेच आहे. बसमध्ये पोलीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५कडे वळले, तर जास्तीत जास्त २४ तासांची साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. शेअर रिक्षातही कागदावर हेच कलम आहे, पण तिथे ते लावायला कोणी फिरकत नाही. रिक्षावाला त्याला वाटेत उतरवून देतो आणि प्रकरण मिटते.

माणूस तोच, दारू तीच, त्रासही तोच. गाडी बदलली की गुन्ह्याचे वजन बदलते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात रोज हजारो माणसे अशी वाहने बदलत कामावर जातात. त्यांच्यासाठी प्रवाशाच्या वर्तनाचे नियम काय आहेत, ते कोण राबवते आणि ते नेमके कोणाचे रक्षण करतात, याचा हा आढावा.

नियम आले कुठून

प्रत्येक वाहनाचा कायदा वेगळ्या काळात आणि वेगळ्या गरजेतून आला. रेल्वेचा कायदा १९८९चा असला तरी त्याची ठेवण ब्रिटिश काळातल्या रेल्वे कायद्याची आहे. साखळी ओढणे, टपावर बसणे, विनापरवाना फेरीवाले, रुळांवरून चालणे, बायकांच्या डब्यात घुसणे, अशा एकेका कृत्याला त्यात स्वतंत्र कलम आहे. राबवायला रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस, टीसी आणि रेल्वेच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र दंडाधिकारीही आहेत. मार्च १९७८पासून धावणाऱ्या पुणे-लोणावळा लोकलवर दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव अशी कारखानदारीच्या कडेने जाणारी स्थानके आहेत. या सगळ्यांवर हाच कायदा चालतो.

मेट्रोचा कायदा मुळात दिल्लीसाठी झाला आणि २००९च्या दुरुस्तीने इतर महानगरांना लागू करण्याची सोय झाली. आपल्याकडे ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा पहिला टप्पा सुरू झाला. १ ऑगस्ट २०२३ रोजी गाडी सिव्हिल कोर्टापर्यंत पोचली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत. म्हणजे हा कायदा इथल्या प्रवाशाच्या अंगवळणी पडायला अजून मोजकीच वर्षे मिळाली आहेत.

बसची स्थिती सर्वांत विस्कळीत. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल (पीएमपी) ही कंपनी झाली, पण तिच्या बसमधल्या वर्तनासाठी रेल्वेसारखा स्वतंत्र कायदा नाही. तिकिटासाठी मोटार वाहन कायदा, १९८८. छेडछाड-मारहाणीसाठी न्याय संहिता. किरकोळ असभ्यतेसाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ११० आणि त्याची शिक्षा सांगणारे ११७. दारूसाठी महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम ८५. सिगारेटसाठी २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा. कंडक्टरने यातले काय लक्षात ठेवावे आणि काय वापरावे? तो वापरतो दोनच गोष्टी: तिकिटाचे मशीन आणि तोंड.

तिकीट: जिथे नियम दात दाखवतो

सर्व वाहनांत सगळ्यात नेटाने राबवला जाणारा नियम तिकिटाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ मध्ये विनातिकीट प्रवासाला ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे आणि पीएमपीही पकडलेल्या प्रवाशाकडून ५०० रुपयेच घेते. एसटीचा हिशोब वेगळा: भाडे तर भरायचेच, वर चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये यांपैकी जास्त असेल ती रक्कम. लोकलमध्ये कलम १३८ खाली भाडे आणि वर तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त ते. हेतुपुरस्सर फसवणूक ठरली तर कलम १३७. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मेट्रोने प्रश्न यंत्रावर सोपवला. स्वयंचलित गेट तिकिटाशिवाय उघडतच नाही, त्यामुळे वादाला जागाही उरत नाही आणि तपासनीसाच्या मर्जीलाही.

या दंडांमागे एक साधे गणित आहे. १ जून २०२५च्या दरवाढीनंतर पीएमपीचे किमान भाडे १० रुपये झाले. १० रुपये बुडवणाऱ्याला ५०० रुपये दंड म्हणजे पन्नास फेऱ्यांत एकदा जरी चेकर भेटला, तरी फुकटेगिरीत फायदा उरत नाही. लोकलमध्ये ५ रुपयांच्या तिकिटावर २५० रुपये. गणित पुन्हा पन्नासाचेच. एसटीत मात्र १०० रुपयांच्या प्रवासावर जादा भरणा २०० रुपयांचा. तिथे तिसऱ्या-चौथ्या फेरीला कोणी पकडत नसेल तर चुकवणाऱ्याचा फायदा झाला असता. पण एसटीत कंडक्टर गाडी सुटताच प्रत्येक डोके मोजतो आणि वाटेत मार्ग तपासनीस चढतोच, म्हणून कमी दंडावरही काम भागते. यातला धडा साधा आहे. दंडाचा आकडा किती, यापेक्षा तपासणारा कितीदा भेटतो, हे जास्त निर्णायक असते. तिकिटाच्या बाबतीत हे सगळ्या संस्थांना पक्के ठाऊक आहे. वर्तनाच्या बाबतीत मात्र त्या ते विसरतात.

तिकिटाच्या नियमाला दुसरी बाजूही आहे. त्याच दरवाढीत दोन्ही महापालिका हद्दींचा मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. कंत्राटी कामगाराच्या पगाराला ही वाढ जड जाते. पहाटे बसमध्ये कोंबून चढलेल्याला कंडक्टरपर्यंत पोचताच आले नाही आणि उतरताना चेकरने धरले, तर तो फुकट्या की गर्दीचा बळी? कायद्यात हा फरक नाही. तो तपासनीसाच्या समजुतीवर सोडलेला आहे. ऑक्टोबर २०२३पासून कंडक्टरला यूपीआयने पैसे देता येऊ लागल्यापासून सुट्ट्या पैशांची रोजची वादावादी मात्र कमी व्हायला वाव मिळाला. एका क्यूआर कोडने जे साधले, ते दंडाच्या कुठल्याही फलकाने साधले नसते.

थुंकी, धूर, गोंगाट

तिकीट संपले की नियमांची धार बोथट होते. रेल्वेच्या आवारात थुंकणे, लघवी करणे, कचरा टाकणे यांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र स्वच्छता नियम आले आणि ५०० रुपयांपर्यंत दंड ठरला. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. पण पिंपरी स्थानकाच्या जिन्याचे कोपरे पाहिले, तर दोन्ही नियम कुठे थांबतात ते कळते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. बसच्या दारात उभे राहून बिडी ओढणाऱ्याला तो भरताना फारसे कोणी पाहिलेले नाही.

मोबाइलवर मोठ्याने रील्स लावणाऱ्याविरुद्ध स्वतंत्र कलम शोधायची गरज नाही. रेल्वेच्या आणि मेट्रोच्या दोन्ही कायद्यांत सहप्रवाशाच्या सोयीत विनाकारण बाधा आणण्याचा उल्लेख आहे आणि त्यात गोंगाट सहज बसतो. अडचण अशी की ‘सोय’ कशाला म्हणायचे, हे ठरवायला डब्यात कोणी नसते. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला पेंगायचे असते, शेजारच्याला क्रिकेट पाहायचे असते. यात कायदा शेवटची पायरी असायला हवा. पहिली पायरी उद्घोषणा, फलक आणि ‘दादा, जरा आवाज कमी करा’ असे म्हणायला कचरणार नाही असा कर्मचारी.

रकमाही काळाच्या मागे राहिल्या आहेत. मेट्रोच्या कायद्यात २००२ साली टपावर बसून प्रवास करण्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा फक्त ५० रुपयांपर्यंत दंड लिहिला गेला. तेच कृत्य रेल्वेवर केले तर कलम १५६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. बसच्या पायरीवर लटकण्याला मोटार वाहन कायद्याचे कलम १२३ मनाई करते, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपये व पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात चालक-वाहकावरही जबाबदारी आहे: माणसे लटकत असताना त्यांनी गाडी हलवू नये. पाळी सुटल्यावर भोसरीकडे जाणाऱ्या बसमध्ये हे कलम पाळायचे ठरवले तर बस जागेवरून हलणारच नाही. जो नियम पाळण्याची सोयच दिलेली नाही, त्याच्या नावाने दंड करणे म्हणजे बसच्या तुटवड्याचे बिल प्रवाशाच्या माथी मारणे.

जागेचे भांडण

महाराष्ट्रात प्रवासातली अर्धी भांडणे जागेवरून होतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेला कायद्यात काडीचाही आधार नाही, पण ती मोडणाऱ्याला अख्खी गाडी दोष देते. आमदार, दिव्यांग, महिला यांच्यासाठी आसनांवर लिहिलेली अक्षरे त्या रुमालापुढे फिकी पडतात. पीएमपीत बसची डावी बाजू बायकांसाठी राखीव असते, आणि तिथे बसलेल्या पुरुषाला उठवण्याचे काम दर वेळी एखाद्या बाईलाच करावे लागते. कंडक्टर हाक देतो, पण गर्दीतून मागे येऊन उठवणे त्याला जमत नाही.

लोकलमध्ये याला कायद्याचे बळ जास्त आहे. बायकांच्या डब्यात शिरणाऱ्या पुरुषाला कलम १६२ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होतो आणि पासही जप्त होऊ शकतो. पासधारकांचे गट जागा अडवून बसतात आणि इतरांना आत येऊ देत नाहीत, ही चिंचवडला थांबणाऱ्या सिंहगड एक्स्प्रेससारख्या गाड्यांमधली जुनी तक्रार. त्यासाठीही कलम १५५ आहे: आरक्षित नसलेल्या डब्यात दुसऱ्याला कायदेशीर प्रवेश करू न देणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड. पंधरा-वीस जणांच्या कंपूवर ही कारवाई करायची, तर एक टीसी पुरत नाही. त्यासाठी सुरक्षा दलाचे जवान डब्यात लागतात, तेही रोज.

छेडछाड: कागदावर सर्वांत कडक, हातात सर्वांत अवघड

बायकांना होणारा त्रास हा या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे आणि नेमक्या इथेच वाहनानुसार कायदा बदलत नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. विनयभंगाच्या हेतूने स्त्रीवर बळाचा वापर केल्यास कलम ७४ खाली किमान एक आणि कमाल पाच वर्षे कैद, नको असलेला स्पर्श, अश्लील शेरे यांसाठी कलम ७५, पाठलागासाठी ७८, शब्द-हावभावांसाठी ७९. म्हणजे गर्दीच्या बसमधला ‘चुकून लागलेला’ हात सिद्ध झाला, तर विनातिकीट प्रवासाच्या कितीतरी पट मोठी शिक्षा आहे.

पण सिद्ध व्हायला आधी तक्रार व्हावी लागते, आणि तक्रारीची किंमत त्या बाईच्याच पदरी पडते. भोसरीहून चाकणला सकाळच्या पाळीला निघालेल्या बाईने बस थांबवायला लावली, तर आधी बसमधल्या लोकांचे ‘मॅडम, आम्हाला उशीर होतोय’ ऐकायचे. मग चौकीत बसायचे, जबाब द्यायचा, साक्षीदार शोधायचा. तोवर कंपनीचे गेट बंद होऊन दिवसाचा रोज बुडतो. त्या माणसाला जेवढी शिक्षा होईल न होईल, तिला मात्र त्याच दिवशी दंड होतो. म्हणून बहुतेकजणी कोपर मारतात, पर्स मध्ये धरतात, जागा बदलतात आणि गप्प बसतात.

ही अडचण कमी करणाऱ्या तरतुदी आहेत, पण लोकांपर्यंत पोचलेल्या नाहीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणतेही पोलीस ठाणे फिर्याद नोंदवून घेते. फिर्याद इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. चालत्या बसमध्ये हद्द कोणाची, हा जुना घोळ त्यामुळे निदान कागदावर सुटला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले आणि चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड त्यात आले, तेव्हापासून या पट्ट्यातला बराचसा बसप्रवास एकाच आयुक्तांच्या हद्दीत आहे. रेल्वेच्या रुळांवर मात्र लोहमार्ग पोलिसांचेच राज्य आहे.

पीएमपीने ८ मार्च २०१८ रोजी महिलांसाठी तेजस्विनी बस सुरू केल्या आणि दर महिन्याच्या ८ तारखेला त्यांत मोफत प्रवासाची सोय केली. वेगळी बस हा दिलासा आहे, पण उत्तर नाही. साध्या बसमधल्या बाईसाठी काहीच बदलत नाही. जपानमधल्या महिला डब्यांशी तुलना इथे बोलकी ठरते. तिथे हे डबे प्रवाशांच्या सहकार्यावर चालतात, शिरणाऱ्या पुरुषाला कायद्याने दंड नाही. तरी पाळले जातात. आपल्याकडे दंड आहे, तरी शेवटच्या क्षणी धावत येणारा पुरुष समोर दिसेल त्या डब्यात चढतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट आगारात उभ्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर झालेल्या बलात्काराने सगळा महाराष्ट्र हादरला. तो प्रवाशाच्या गैरवर्तनाच्या चौकटीपलीकडचा गुन्हा आहे. तरी त्याने एक गोष्ट उघडी पाडली: सरकारी मालकीची जागा, दिवेबत्ती, सुरक्षारक्षक हे सगळे कागदावर असूनही त्या क्षणी तिच्या मदतीला कोणीच नव्हते.

कंडक्टरवर उचललेला हात

गैरवर्तनाचा दुसरा मोठा बळी कर्मचारी असतो. थांबा नसताना दार उघडले नाही, सुटे मागितले, पुढे सरका म्हटले, एवढ्यावरून मारहाणीपर्यंत जाते. बसच्या लोकांच्या तोंडी ‘तीनशे त्रेपन्न लावीन’ ही धमकी अजून आहे. जुन्या दंड संहितेचे हे कलम महाराष्ट्राने दुरुस्ती करून कडक केले होते. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला केल्यास कैद दोनवरून पाच वर्षांपर्यंत नेली होती. न्याय संहितेत त्याची जागा कलम १३२ने घेतली आणि कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. दुखापत झाली असेल तर कलम १२१ लागते आणि त्यात पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीत दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

तरीही बरीच प्रकरणे डेपोतच मिटतात. गुन्हा नोंदवायचा म्हणजे कंडक्टरने ड्युटी सोडून ठाण्यात बसायचे, फेरी रद्द व्हायची आणि त्या फेरीचा हिशोब त्याच्याकडेच मागितला जायचा. ठेकेदाराच्या ई-बसमध्ये तर चालक ठेकेदाराचा आणि वाहक पीएमपीचा; गाडी थांबवायची की नाही, यावर दोघांचे मालक वेगळे. छेडछाडीची तक्रार करणारी कामगार बाई आणि मार खाल्लेला कंडक्टर यांची कोंडी एकच आहे: न्याय मागायचा तर रोजगार बुडवावा लागतो.

मेट्रो: दाराशीच गाळणी

मेट्रोत वर्तन चांगले का दिसते, याचे श्रेय दंडाला देणे सोपे आहे, पण खरे नाही. प्रवेशद्वाराशी सामानाची तपासणी, गेट, फलाटावर रक्षक, सगळीकडे कॅमेरे आणि तुलनेने कमी गर्दी. एवढे असल्यावर ५०० रुपयांचा दंड फारसा कामालाच लागत नाही. त्या कायद्याची खरी ताकद सुरक्षेच्या कलमांत आहे. विनाकारण आपत्कालीन यंत्रणा वापरली तर कलम ७० खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. गाडीच्या वाटेत अडथळा आणला तर कलम ६७ खाली चार वर्षांपर्यंत कैद. इतकी कडक भाषा कशासाठी, ते जानेवारी २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट स्थानकात दिसले. फलाटावरून एक लहान मूल रुळांवर पडले, त्याच्यामागे आईही उतरली आणि सुरक्षारक्षकाने तातडीचे बटण दाबून गाड्या थांबवल्या. ज्या बटणाने दोन जीव वाचतात, ते गंमत म्हणून दाबले जाऊ लागले, तर खऱ्या वेळी त्यावर कोणाचा विश्वास उरणार नाही.

मार्च २०२५ मध्ये पुणे महापालिका स्थानकात आंदोलक रुळांवर उतरले आणि सेवा खोळंबली. मेट्रोच्या कायद्यात निदर्शनांवर कलम ६२ खाली स्पष्ट बंदी आहे आणि रुळांवर चालण्याला कलम ६४ आहे. आंदोलन हा लोकशाहीतला हक्क खरा. पण मेट्रोच्या रुळांवर उतरून तो बजावताना दोन्ही बाजूंच्या शेकडो प्रवाशांना ओलीस धरले जाते, याचे भान सगळ्याच पक्षांनी ठेवायला हवे.

पण ही मेट्रो चाकणला जात नाही. सुरुवातीला भोसरी नाव दिलेले स्थानकसुद्धा प्रत्यक्षात नाशिक फाट्यावर आहे. कारखान्यांच्या गेटपर्यंत पोचायचे तर शिस्तीच्या या आवारातून बाहेर पडून पुन्हा रस्त्यावरच यावे लागते.

जिथे नियमपुस्तकच नाही

चाकणचा पट्टा रेल्वेच्या नकाशावर नाही. बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य छोट्या कारखान्यांचा कामगार दोन प्रकारच्या वाहनांनी येतो-जातो: कंपनीची बस किंवा शेअर रिक्षा-टमटम.

कंपनी बसला एक कायदेशीर कवच आहे, ते बहुतेक कामगारांना ठाऊक नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३चा कायदा मालकाने दिलेल्या वाहनालाही ‘कामाचे ठिकाण’ मानतो, आणि कंत्राटी कामगारही त्यात येतात. म्हणजे बसमध्ये सहकाऱ्याने त्रास दिला तर पोलीस ठाण्यात न जाताही कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार देता येते आणि समितीला नव्वद दिवसांत चौकशी पुरी करावी लागते. नोव्हेंबर २००७ मध्ये गहुंजे परिसरात कंपनीच्या कॅबमधून कामाला निघालेल्या तरुणीची चालक आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून हत्या केली. त्यानंतर रात्रपाळीच्या वाहतुकीत सुरक्षारक्षक, एकटी महिला शेवटी उतरणार नाही याची काळजी असे दंडक आयटी कंपन्यांत रूढ झाले. कारखान्यांच्या बसमध्ये, त्यातही ठेकेदाराच्या माणसांसाठीच्या गाड्यांत, ते त्याच काटेकोरपणे पोचले नाहीत.

शेअर रिक्षाची तर गोष्टच निराळी. तीन प्रवाशांचा परवाना, बसलेले सहा-सात. जादा प्रवाशांबद्दल कलम १९४अ खाली प्रत्येक जादा माणसामागे २०० रुपये दंड आहे, तो चालकाला. कलमात पुढे असेही आहे की जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसऱ्या वाहनाची सोय होईपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. चाकणच्या आंबेठाण चौकात रात्री साडेअकराला ही दुसरी सोय कोणी करायची? आत बसलेल्यांच्या वर्तनाबद्दल मात्र एक ओळही नाही. सार्वजनिक वाहनांत माग काढणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवण्याची केंद्राची सक्ती २०१९पासून नव्या वाहनांना लागू झाली. तिच्यातून तीनचाकी वगळल्या आहेत. जिथे मांडीला मांडी लावून, अंधारात, अनोळखी माणसांत बसावे लागते, नेमक्या त्याच वाहनात बटण नाही, कॅमेरा नाही, वाहक नाही. उरतो ११२ क्रमांक आणि बाईच्या हातातला मोबाइल.

काय करता येईल

परदेशी उदाहरणे देताना सिंगापूरचे नाव हमखास निघते. तिथल्या मेट्रोत खाण्यापिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे हे खरे, पण तिथे दर काही मिनिटांनी गाडी आहे हेही तितकेच खरे. जर्मनीत गेट नसतात. अचानक तपासणी होते आणि विनातिकीट सापडलेल्याकडून साधारण ६० युरो घेतले जातात. दोन्हीकडे नियम पाळण्याजोगी सेवा आधी आहे, दंड नंतर. आपण फक्त दंडाचा फलक आयात केला तर तो भिंतीवरच राहील.

इथे करण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. पहिली: पीएमपी, मेट्रो आणि लोकल यांनी मिळून एकच छोटा नियमफलक करावा, मराठीत आणि हिंदीतही, कारण चाकणच्या बसमधला निम्मा आवाज हिंदी असतो. दुसरी: कंडक्टरच्या तिकीट यंत्रात ‘घटना’ नोंदवण्याचे एक बटण द्यावे. गाडी, मार्ग, थांबा, वेळ यंत्राला आधीच ठाऊक असतात. बटण दाबताच त्या वेळचे कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवले जावे, म्हणजे बाईला आणि कंडक्टरला जबाब नंतर, पाळी संपल्यावर देता येईल. तिसरी: तपासणी पथके पाळी सुटण्याच्या वेळी भोसरी-चाकण मार्गावर उतरावीत आणि त्यांच्यासोबत महिला पोलीस असावी. तीच पथके तिकिटाबरोबर राखीव आसने आणि छेडछाडही पाहतील. चौथी: शेअर रिक्षांना ठरलेले थांबे, दिसेल असा क्रमांक आणि माग काढणारे यंत्र यांच्या बदल्यात मार्ग द्यावा, त्यांना फक्त दंड करून ती वाहतूक थांबत नाही. पाचवी: २००२चे आणि १९८९चे जुने आकडे एका पातळीवर आणावेत, म्हणजे त्याच कृत्याला नाशिक फाट्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा भाव राहणार नाही.

एक सावधानताही हवी. कर्मचाऱ्याच्या हातात दंडाचा अधिकार दिला की त्याचा पहिला फटका बोलता न येणाऱ्याला बसतो: परप्रांतीय हेल्परला, वयस्कर बाईला, शाळकरी पोराला. म्हणून पावती, लेखी कारण आणि दाद मागण्याची जागा या तिन्ही गोष्टी दंडासोबतच याव्यात. रेल्वे कायद्याचे कलम १३९ या बाबतीत शहाणे आहे. विनातिकीट सापडलेली, सोबत पुरुष प्रवासी नसलेली बाई किंवा मूल असेल, तर तिला वाटेतल्या कुठल्याही स्थानकावर उतरवता येत नाही. प्रवास सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे ठिकाण, तेही फक्त दिवसा. नियम मोडणाऱ्याचीही सुरक्षितता पाहणारे हे एक परंतुक पीएमपीने आपल्या नियमात जसेच्या तसे घ्यावे.

या सगळ्या पसाऱ्याचा जमाखर्च मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. आपल्याकडे प्रवाशाने संस्थेचे बुडवलेले दहा रुपये वसूल करायला पथक आहे, पावतीपुस्तक आहे, उद्दिष्टही असते. प्रवाशाने प्रवाशाला दिलेला त्रास वसूल करायला यांतले काहीच नाही, कारण त्यात संस्थेचे उत्पन्न बुडत नाही. कलमे वाढवून हे बदलणार नाही. ती पुरेशी आहेत, काही तर गरजेपेक्षा कडक आहेत. तिकिटासाठी जेवढी माणसे, यंत्रे आणि चिकाटी लावली, तेवढीच सहप्रवाशासाठी लावायची, एवढा निर्णय पीएमपी, मेट्रो, रेल्वे आणि पोलीस आयुक्तालय यांना मिळून घ्यायचा आहे.